लुबर्टची सोळा आवर्तनं

नदीकाठच्या चौकात, चीजच्या दुकानासमोर,
घडीच्या खुर्च्या मांडून झाल्यात. एकेचाळीस.
वारा आहे, म्हणून प्रत्येक स्टँडवर
कपडे वाळत घालायचे दोन-दोन चिमटे,
स्वरलिपीची पानं उडू नयेत म्हणून.

मी दुसऱ्या रांगेत, तिसरी क्लॅरिनेट.
म्हणजे मधेच थांबले तरी
कुणाच्या लक्षात येऊ नये अशी जागा.
शेजारी ख्रेत. रीड ओठांत धरून ओली करता करता
ती नातवाच्या परीक्षेबद्दल बोलते, आणि मला
अर्धंच कळतं.

शेवटून दुसरं, दर सप्टेंबरात, ते मार्च.
ज्या युद्धपटातलं आहे तो इथेच चित्रित झाला,
या पुलावर, एका कोरड्या उन्हाळ्यात.
गावातल्या अर्ध्या पोरांना तेव्हा
दिवसाचे पंचवीस गिल्डर मिळाले
आणि वाटीभर वाटाण्याचं सूप,
मरण्याचे.

लुबर्ट एकोणीस वर्षांचा. ताडमाड, पिवळ्या केसांचा.
त्याला जर्मन केलं.
विचारलं नाही कुणी. माप घेतलं, बूट दिले.
दुपारभर तो पुलावरून पळाला, पडला, उठला,
पुन्हा पडला, कारण मघाशी ढग आडवा आला होता.
मग भूक लागली. सायकलवर टांग टाकून
तसाच गेला घरी जेवायला.

आई बटाटे सोलत होती.
ती ओरडली नाही, लुबर्ट सांगतो.
(एकदाच सांगितलं त्याने, स्पर्धेहून परतताना,
बसमध्ये, काळोखात, खिडकीकडे तोंड करून.)
सुरी ठेवली. हात पुसले एप्रनला.
माळ्याची शिडी उचलली,
भिंतीलगत आडवी घातली
आणि तिच्यापुढे उभी राहिली.
युद्ध संपून तेवीस वर्षं झाली होती.
मामा केव्हाच खाली उतरला होता, लग्न करून,
सायकलींचं दुकान काढून.
वर माळ्यावर फक्त कांदे होते.

मार्च मात्र आनंदी आहे, काय करणार.
पोरं टाळ्या धरतात. कुत्री भुंकतात. मेयर पाय हलवतो.
मधला भाग युफोनियमचा, सोळा आवर्तनं,
अख्ख्या तुकड्यातली सर्वांत गोड.
तिथे लुबर्ट वाद्य मांडीवर ठेवतो.
रुसवा नाही, भाषण नाही. ठेवतो.
इतकी वर्षं बाजूचा हार्मन ती वाजवायचा
आणि चौकात कुणाला पत्ता लागायचा नाही.

हार्मन फेब्रुवारीत गेला.

मार्लूसने, आमच्या कंडक्टरने, लुबर्टला काही म्हटलं नाही.
मंगळवारच्या सरावाला माझ्या स्टँडवर
पेन्सिलीने लिहिलेलं एक पान होतं.
मी म्हटलं, मी तर तिसरी क्लॅरिनेट.
ती म्हणाली, म्हणूनच.

आता ते पान माझ्यासमोर.
ट्यूबा पायऱ्या उतरतो, ड्रम दबतो,
आणि चौकभर एक मोकळी जागा उघडते, 
तिच्यात मी.
तोंडाला कोरड. पहिला सूर निघतो
दाराच्या बिजागरीसारखा, पण निघतो.
दुसरा बरा. तिसऱ्याला ख्रेत चक्क गप्प आहे.
डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो लुबर्ट:
वाद्य मांडीवर, ओठ मिटलेले,
आणि उजव्या हाताची बोटं
बरोबर तेच वाल्व दाबतायत, एकेक, वेळेवर,
श्वासाशिवाय.

सोळा संपली. तो पुन्हा आमच्यात आला,
जणू शिंकायला बाहेर गेला होता.

टाळ्या झाल्या, मग राष्ट्रगीत, मग बिअर.
वाद्यातलं पाणी दगडांवर झटकत
तो माझ्याजवळ आला.
"सातव्या आवर्तनात घाई केलीस," म्हणाला.
"तिथे ती थांबते. थोडी. मग चालते."
कोण थांबते, मी विचारलं नाही.

तो चिमटे मोजायला लागला होता.
एक्याऐंशी.
पुन्हा मोजले. एक्याऐंशीच.